एकाच महामार्गावर टप्पानिहाय वेगमर्यादा: तुकडे कुठे पाडायचे आणि आकडा कशावरून ठरवायचा?

मार्गरेषा (प्रश्न)

नमस्कार. ५२ किमी लांबीच्या, दुभाजक असलेल्या चौपदरी महामार्गासाठी टप्पानिहाय वेगमर्यादेचा प्रस्ताव करायचा आहे. आज या टोकापासून त्या टोकापर्यंत सरसकट ८० आहे. मोकळ्या भागात ती कुणी पाळत नाही, आणि घाटात पाळली तरी गाडी वळणाबाहेर जाण्याची भीती आहे. वाहतूक डावीकडून. रस्त्याचे स्वरूप असे:

किमी ० ते २१: सपाट, मोकळा, वळणे मोठ्या त्रिज्येची. संकल्पित वेग (रस्ता ज्या वेगासाठी आखला तो) १००. मोटारींचा सरासरी वेग ९०, ८५ वे पर्सेंटाइल (शंभरातल्या ८५ मोटारी ज्या वेगाला किंवा त्याखाली असतात तो वेग) १०३.

किमी २१ ते २४.५: दोन्ही बाजूंना वस्ती, शाळा, बसथांबे. दुभाजक तीन जागी खुला. सर्व्हिस रोड एकाच बाजूला. ८५ वे पर्सेंटाइल ७८.

किमी २४.५ ते ३६: मोकळा, पण दोन जोडरस्ते थेट येऊन मिळतात. ८५ वे पर्सेंटाइल ९८.

किमी ३६ ते ४३: घाट. त्यातले ५ किमी सरासरी ६ टक्के उताराचे. १२० ते १५० मीटर त्रिज्येची सहा वळणे. उतरणाऱ्या मोटारींचे ८५ वे पर्सेंटाइल ६६, भरलेल्या ट्रकचे ४४.

किमी ४३ ते ५२: पुन्हा मोकळा. घाट संपल्यावर लगेच ४०० मीटरचा पूल, त्यावर कडेची मोकळी पट्टी नाही.

विचारायचे ते असे. तुकडे किती पाडावेत? पुलासाठी वेगळी मर्यादा हवी का? वस्तीत ७८ हे पर्सेंटाइल धरून ८० ठेवावी असे एक मत आहे, ते बरोबर आहे का? घाटात ट्रकना वेगळा आकडा द्यावा का? आणि पुढे सरासरी वेग मोजणारे कॅमेरे बसणार आहेत, तर त्यासाठी आत्ताच काय सांभाळावे?

---

सडकमोजणी

आधी हे वेग कसे मोजले ते तपासा, कारण पुढचा सगळा हिशेब त्यावरच उभा राहणार आहे.

नोंद फक्त मोकळ्या धावणाऱ्या वाहनांची हवी. पुढच्या वाहनापासून किमान ५ सेकंद मागे असलेलेच वाहन घ्या. ट्रकच्या मागे अडकलेल्या मोटारीचा वेग हा ट्रकचाच वेग असतो. दिवस कोरडा, वेळ गर्दी नसलेली, जागा टप्प्याच्या मध्यावर, म्हणजे जोडरस्ता, वळण आणि थांबा यांपासून लांब. मोजणारा दिसला की लोक ब्रेक लावतात, म्हणून उभे राहण्याची जागा झाकलेली हवी.

रडार गन वापरली असेल तर कोन विचारा. गाडीच्या दिशेशी गन तिरकी असली की आकडा कमी येतो: १० अंशांना दीड टक्का, १५ ला साडेतीन, २० ला ६ टक्के. तुमचे १०३ जर २० अंशांतून घेतले असतील तर खरा वेग ११० च्या घरात आहे. पुलावरून किंवा उंच कठड्यावरून मोजले असेल तर उभा कोनही यात धरायचा.

नमुना किती? वेगांचे प्रमाण विचलन (वेग सरासरीभोवती किती विखुरलेले आहेत त्याचे माप) ८.५ किमी असेल आणि ८५ वे पर्सेंटाइल ९५ टक्के खात्रीने २ किमीच्या आत हवे असेल, तर साधारण १०७ नोंदी लागतात. विचलन १४ वर गेले की तोच आकडा २९० होतो. मिश्र वाहतुकीत विचलन हमखास वाढते, तेव्हा शंभर नोंदींवर थांबू नका. मोटार, भरलेला ट्रक, बस आणि दुचाकी यांच्या याद्या वेगळ्या ठेवा. एकत्र केल्या तर आलेखाला दोन शिखरे येतात आणि त्यातून निघणारे पर्सेंटाइल कोणत्याच वाहनाचे नसते. काढणे सोपे आहे: १२० नोंदी चढत्या क्रमाने लावा, १०२ वी ती तुमची.

आता तुकडे. रस्त्याचा चेहरा जिथे बदलतो आणि तो बदल चालकाला काचेतून दिसतो, तिथेच मर्यादा बदलावी. तालुक्याची हद्द, ठेकेदाराच्या कामाची हद्द, जुना किलोमीटरचा दगड यांचा इथे संबंध नाही. तुकडा फार लहानही नको. ब्रिटनच्या मार्गदर्शक सूचना साधारण ६०० मीटर ही किमान लांबी धरतात. माझ्या मते महामार्गावर १ किमीच्या खाली जाऊ नये. म्हणून ४०० मीटरच्या पुलाला वेगळी मर्यादा नको. त्याला सूचनाफलक, कठड्यावर परावर्तक आणि कडेची ठळक पांढरी रेघ द्या.

० ते २१ साठी १०० विचारात घेता येईल, पण आपोआप नाही. थांबण्याचे अंतर तपासा:

अंतर (मीटर) = ०.२७८ × वेग × २.५ + ०.०३९ × वेगाचा वर्ग ÷ ३.४

वेग किमी प्रति तास, २.५ सेकंद हा प्रतिक्रियेचा काळ, ३.४ हा मंदन दर मीटर प्रति सेकंद वर्गात. यातून ६० ला ८५, ८० ला १३०, १०० ला १८५ आणि १२० ला २५० मीटर येतात (वर सरकवून पूर्ण केलेले). आता २१ किमीमधला प्रत्येक उंचवटा गाठा. चालकाच्या डोळ्याची उंची साधारण १.०८ मीटर आणि समोरच्या वस्तूची ०.६ मीटर धरून १८५ मीटर दिसतात का, ते प्रत्यक्ष पाहा. एका उंचवट्यावर १४० च मीटर दिसत असतील तर ती जागा ८० ची आहे. दोन-तीनच जागा अशा असतील तर तिथे सूचनाफलक आणि सल्ल्याचा वेग. पण दर दोन किमीला असे होत असेल तर संपूर्ण टप्पाच १०० चा नाही.

दुसरे म्हणजे मर्यादा वाढवली की सरासरी वेगही थोडा वर सरकतो. स्वीडनचे संशोधक गोरान निल्सन यांच्या सूत्रानुसार प्राणघातक अपघात सरासरी वेगाच्या चौथ्या घातानुसार बदलतात. सरासरी ९० ची ९४ झाली तर (९४ ÷ ९०) चा चौथा घात १.१९ येतो, म्हणजे १९ टक्के वाढ. चार किमीची वाढ कागदावर किरकोळ दिसते, प्रत्यक्षात ती माणसांच्या जिवावर येते. त्यामुळे या टप्प्यात दुभाजक कुठेही खुला नसेल आणि संथ वाहने मुख्य मार्गावर येत नसतील तरच १००, नाहीतर ९०. २४.५ ते ३६ मध्ये दोन जोडरस्ते थेट मिळतात, तिथे ९० च्या वर जाऊ नका.

---

वस्तीतला_वेग

मोजणीबद्दल वरचे सगळे मान्य. पण वस्तीच्या टप्प्यात ८५ वे पर्सेंटाइल वापरूच नये, हे ठामपणे नोंदवायचे आहे.

त्या पद्धतीमागचे गृहीत असे की बहुसंख्य चालक रस्ता पाहून योग्य वेग निवडतात. मोकळ्या रस्त्यावर हे बऱ्यापैकी खरे आहे, कारण तिथे जो धोका पत्करतो तोच तो भोगतो. वस्तीत वेग निवडणारा काचेआड असतो आणि धोका रस्ता ओलांडणाऱ्या मुलाला असतो. शिवाय ताशी १०३ ने वीस किमी चालवून आलेल्या माणसाला ७८ हा रांगल्यासारखा वाटतो. वेगाची जाणीव मागच्या वेगाने बोथट झालेली असते. तुमचे ७८ हे वस्तीचे माप नाहीच, मागच्या २१ किमीचे आहे.

हिशेब करून बघा. प्रतिक्रियेला दीड सेकंद आणि कोरड्या डांबरावर जोरात ब्रेक, मंदन ७. ताशी ५० ची गाडी ३५ मीटरच्या आत पूर्ण थांबते. ताशी ८० ची गाडी तेवढ्या अंतरात जेमतेम ब्रेकवर पाय ठेवते. ५० ची जिथे थांबली तिथे ही अजून ताशी ७८ ने पुढे जात असते.

स्वीडनने १९९७ मध्ये संसदेत स्वीकारलेल्या ‘व्हिजन झिरो’ धोरणामागचा विचार इथे उपयोगी आहे: टक्कर झालीच तर शरीर ती सोसेल इतकाच वेग. पायी माणसे वाहनांत मिसळतात तिथे ३०, आडवी टक्कर शक्य आहे तिथे ५०, समोरासमोर शक्य आहे तिथे ७०, आणि दोन्ही दिशा भक्कम विभागलेल्या असतील तर १०० किंवा वर. तुमचा दुभाजक तीन जागी खुला आहे, म्हणजे आडव्या टकरीच्या तीन जागा. आकडा ५०.

मात्र नुसती ५० ची पाटी लावली तर ती टिकणार नाही, हेही तितकेच खरे. ७८ वरून ५० वर आणायला रस्त्याचे रूप बदलावे लागेल. तीन फटींपैकी दोन बंद करा. उरलेलीला वळणाऱ्या वाहनासाठी स्वतंत्र थांबामार्गिका द्या, म्हणजे थांबलेली गाडी वेगवान मार्गिकेत उभी राहणार नाही. सर्व्हिस रोड दुसऱ्या बाजूलाही न्या आणि बसथांबे त्यावर हलवा. शाळेजवळ भुयारी मार्ग पादचारी पुलापेक्षा जास्त वापरला जातो, कारण चढ कमी. पण त्यात पाणी साचले किंवा दिवा बंद पडला की लोक पुन्हा वरूनच येतात, तेव्हा निचरा आणि उजेड यांची तरतूद त्याच अंदाजपत्रकात धरा. दुभाजकावर कुंपण हवे, नाहीतर भुयारी मार्ग शोभेचा राहतो. मार्गिका रेघांनी ३.५ वरून ३.२५ मीटर करा. वस्तीच्या तोंडाशी दोन्ही बाजूंना मोठे फलक, मधोमध बेट आणि आडव्या पट्ट्या मिळून प्रवेशद्वारासारखी रचना करा.

उंच गतिरोधक मुख्य मार्गावर घालू नका. ८० च्या वर आलेला ट्रक त्यावर उसळतो, मागचा त्याच्यावर आदळतो. रात्री तर तो दिसतच नाही.

वेळ जातो ही तक्रार हमखास येईल. ३.५ किमी ७८ ने गेले तर २ मिनिटे ४२ सेकंद, ५० ने गेले तर ४ मिनिटे १२ सेकंद. फरक दीड मिनिटाचा. प्रस्तावात हा आकडा लिहूनच टाका.

---

मार्गरेषा

दोघांचे आभार. रडार गन रस्त्याच्या कडेपासून बरीच लांब ठेवली होती, कोन नोंदवलेला नाही. मोकळ्या दोन टप्प्यांची मोजणी पुन्हा करून घेत आहे.

वस्तीबद्दल एक तपशील राहिला. दाट भाग किमी २२.१ ते २३.६ एवढाच आहे, बाकी तुरळक घरे आणि दोन पेट्रोल पंप. पूर्ण ३.५ किमीला ५० द्यावी की फक्त दाट भागाला?

घाटासाठी मूळ नकाशातले आकडे घेतले: त्रिज्या १५० मीटर, बाह्य उठाव (वळणावर रस्त्याची बाहेरची कड जितकी उचललेली असते तो) ७ टक्के. सूत्रात घातले तर ताशी ६५ च्या आसपास येते. म्हणजे ६० चालेल ना?

---

वस्तीतला_वेग

फक्त दाट दीड किमीला ५०, दोन्ही बाजूंच्या १.१ आणि ०.९ किमीला ६०. त्या ६० च्या पट्ट्याच तुमचा उतरता टप्पा होतील, वेगळी ८० ची पायरी लागणार नाही. पंपाच्या आत-बाहेरच्या वाटांवर वळणारी वाहने असतात, त्यामुळे तिथे ६० चालकालाही पटते. संपूर्ण ३.५ किमीला ५० दिली तर पहिल्या किमीत चालकाला कारण दिसत नाही आणि खरी वस्ती येईपर्यंत त्याने पाटी विसरलेली असते.

---

घाटमाथा

नाही, ६० चालणार नाही. घाटात तीन वेगवेगळे हिशेब करायचे असतात आणि तिन्हींतला सर्वात लहान आकडा घ्यायचा असतो. तुम्ही त्यातला एकच केला, तोही नकाशावरून.

पहिला, वळणावरची पकड. त्रिज्या = वेगाचा वर्ग ÷ (१२७ × (बाह्य उठाव + आडवे घर्षण)). १५० मीटर, उठाव ०.०७, घर्षण ०.१५ धरले तर वेग ६४.७ येतो, तुमचे बरोबर आहे. पण डांबराचे थर एकावर एक चढत गेले की उठाव हळूहळू मरतो. जागेवर ३ मीटरची सरळ पट्टी आडवी धरून लेव्हलने मोजा. ७ टक्के असेल तर दोन टोकांत २१ सेंटिमीटरचा फरक हवा. १२ च भरला तर उठाव ४ टक्के उरला आहे आणि वेग ६०.२ वर येतो, म्हणजे ६० ला काहीच राखीव नाही. १२० मीटरच्या वळणात हेच ५८ आणि ५४ होतात. मोजणी वळणाच्या सुरुवातीला, मध्यावर आणि शेवटी अशी तीन ठिकाणी करा. उठाव संपताना एकदम सपाट झालेला असतो, आणि ट्रक नेमका तिथे कलतो.

पडताळणीला बॉल-बँक यंत्र घ्या. वक्र काचनळीतली गोळी वळणावर किती अंश सरकते ते दिसते. अमेरिकेतल्या प्रचलित निकषानुसार ताशी ५५ च्या वरच्या वेगांना १२ अंश ही सीमा आहे, ४० ते ५० च्या दरम्यान १४. प्रत्येक वळण दोन्ही दिशांनी, प्रत्येक वेगाला किमान तीनदा. टायरची हवा आणि गाडीतला भार बदलू नका.

दुसरा हिशेब दृष्टीचा, आणि घाटात बहुतेक वेळा हाच आकडा ठरवतो. उतारावर थांबायला जास्त अंतर लागते: ६ टक्के उतारावर ५० ला ६९ मीटर, ६० ला ९१, ८० ला १४४. आता वळणाच्या आतल्या बाजूला दरड किंवा झाडी असते, ती नजर अडवते. आतल्या मार्गिकेच्या मध्यरेषेपासून किती मीटर मोकळे हवेत, याचे सूत्र:

मोकळीक = त्रिज्या × (१ − कोज्या(२८.६५ × थांबण्याचे अंतर ÷ त्रिज्या)), कोन अंशांत.

१५० मीटर त्रिज्येला उतरताना ६० साठी ७ मीटर मोकळे लागतात, ५० साठी ४ मीटर. घाटात ७ मीटर क्वचित मिळतात. समजा साडेचार मीटर आहेत, तर चालकाला ७४ मीटर पुढचे दिसते. पकड ६० ची आणि नजर ५० ची, म्हणून मर्यादा ५०. १२० मीटरच्या वळणांवर ५० साठीसुद्धा ५ मीटर लागतात. तिथे साडेचारच असतील तर अर्धा मीटर दरड मागे घ्या, नाहीतर त्या वळणाला ४० चा सल्ल्याचा फलक आणि शेव्हरॉन (वळणाची दिशा दाखवणारे बाणाचे फलक).

एक गोष्ट नेहमी निसटते. डावीकडून वाहतूक असताना उजवीकडे वळणाऱ्या वळणाची आतली बाजू म्हणजे दुभाजक. दुभाजकातली झुडपे डोळ्याच्या उंचीवर गेली की उजव्या मार्गिकेतल्या चालकाची नजर तिथेच अडते, आणि तीच वेगवान मार्गिका असते. वळणांवर झुडपे ६० सेंटिमीटरच्या खाली ठेवायची किंवा लावायचीच नाहीत. पावसाळ्यानंतर पुन्हा मोजा.

तिसरा हिशेब ब्रेकच्या उष्णतेचा, आणि तो फक्त जड वाहनांचा. ४० टनी ट्रक ६ टक्क्यांवर ५ किमी उतरतो म्हणजे ३०० मीटर खाली येतो. त्याची सुमारे ११८ मेगाज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. ताशी ६० ने तो ५ मिनिटांत उतरतो, म्हणजे सरासरी ३९० किलोवॅट. ४० ने साडेसात मिनिटे, म्हणजे २६०. यातून टायरचे घर्षण आणि हवेचा रोध वजा केला तरी ६० ला फार मोठा वाटा चाकांच्या ब्रेकवर येतो. ड्रम तापून फुगतो, अस्तराची पकड जाते, आणि चालक पेडल दाबत राहतो तरी गाडी सुटते. ४० ला खालच्या गिअरमध्ये इंजिनच बरेचसे ओझे पेलते. तेव्हा उतरणाऱ्या जड वाहनांना ४० ही वेगळी मर्यादा जरूर द्या. तुमचे ४४ चे पर्सेंटाइल सांगते की अनुभवी चालक तसेच उतरत आहेत. अडचण उरलेल्या पंधरा टक्क्यांची आहे.

ही पाटी उतार सुरू झाल्यावर लावून उपयोग नाही. एकदा वेग चढला की भरलेल्या गाडीला खालचा गिअर पडत नाही. माथ्यावर, उताराच्या किमान ५०० मीटर आधी, थांबायला रुंद जागा द्या आणि फलकावर उताराचे टक्के, लांबी आणि ‘खालचा गिअर’ हे तिन्ही लिहा. सुटलेल्या गाडीसाठी गोट्यांची वाट (जिच्यात चाके रुतून गाडी थांबते) शेवटच्या तीव्र वळणाच्या आधी हवी, नंतर नको.

घाटाची मर्यादा ४३ वर सोडू नका. पूल लगेच आहे, कडेला पट्टी नाही, आणि तिथे येणाऱ्या ट्रकचे ब्रेक सर्वात तापलेले असतात. ती पुलापार, ४३.६ च्या आसपास संपवा.

चढणाऱ्या बाजूचा आकडा वेगळा निघतो. चढावर ६० ला ७७ मीटर पुरतात आणि १५० मीटरच्या वळणाला ५ मीटर मोकळीक लागते, म्हणजे थोडी दरड मागे घेतली तर वर जाणाऱ्यांना ६० देता येईल. तोवर दोन्ही दिशांना ५०.

---

फलकरेषा

पाट्या, आदेश आणि कॅमेरे यांवर लिहितो. बरे प्रस्ताव बहुतेक इथेच फसतात.

अंकाच्या दर सेंटिमीटर उंचीला ३.६ मीटर, एवढ्या अंतरावरून वाचता येईल असे धरतात. २० सेंटिमीटरचा अंक ७२ मीटरवरून. ताशी १०० ने हे अंतर २.६ सेकंदांत संपते, त्यात आरसा बघायचा, वाचायचे आणि पाय उचलायचा. तेव्हा मोकळ्या टप्प्यात अंक मोठा घ्या. फलक डाव्या कडेला आणि दुभाजकात असे जोडीने लावा. डाव्या मार्गिकेत ट्रक असला की कडेचा एकटा फलक दिसत नाही.

प्रत्येक जोडरस्त्यानंतर पुन्हा फलक हवा. तिथून आत आलेल्याने आधीचा पाहिलेलाच नसतो. तुमच्या २४.५ ते ३६ टप्प्यात हे दोनदा लागेल.

१०० वरून ६० वर हलक्या ब्रेकने यायला, सेकंदाला १ मीटर प्रति सेकंद या दराने, सुमारे २५० मीटर लागतात. म्हणून ६० च्या पाटीआधी ३०० मीटरवर ‘पुढे ६०’ असा पूर्वसूचना फलक.

जुने ८० चे सगळे फलक त्याच दिवशी काढा. एकही राहिला तर चालक दोन्हींतला मोठा आकडा खरा मानतो आणि दंडाविरुद्ध त्याचेच छायाचित्र पुढे येते.

आदेशातली जागा आणि खांबाची जागा जुळली पाहिजे. रस्ता रुंद झाला, एखादे वळण सरळ केले, की साखळी क्रमांक (रस्त्याच्या सुरुवातीपासून मोजलेले अंतर) सरकतात आणि आदेश जुन्या किलोमीटरवर राहतो. आदेशात क्रमांकाबरोबर अक्षांश-रेखांश लिहा, दिशा स्पष्ट लिहा, आणि वाहनवर्ग वेगळा असेल तर त्याची व्याख्याही. आदेश निघण्याआधी फलक उघडे ठेवू नका, झाकून उभारा.

आता सरासरी वेगाचे कॅमेरे, म्हणजे दोन खांबांमध्ये लागलेल्या वेळेवरून वेग काढणारी जोडी. समजा पहिला किमी १८ ला, दुसरा ३० ला. मध्ये ३ किमी १०० चे, एकूण २ किमी ६० चे, १.५ किमी ५० चे, ५.५ किमी ९० चे. कायदेशीर किमान वेळ अशी काढायची:

१.८ + २ + १.८ + ३.६७ = ९.२७ मिनिटे, म्हणजे ९ मिनिटे १६ सेकंद. सरासरी ७७.७.

कुणी मर्यादांचीच सरासरी काढली, (१०० + ६० + ५० + ९०) ÷ ४ = ७५, तर प्रत्येक पाटी पाळणारा माणूस दंडास पात्र ठरेल. सॉफ्टवेअरमध्ये असा घोळ नाही ना, हे उदाहरण देऊन लेखी तपासून घ्या.

त्याहून मोठी त्रुटी जागेची आहे. याच जोडीत कुणी वस्तीतून ८० ने गेला आणि पुढे पंपावर दीड मिनिट थांबला तर तो निर्दोष सुटतो. म्हणून एका जोडीत एकच मर्यादा ठेवा. वस्तीच्या दीड किमीला स्वतंत्र जोडी, घाटाला स्वतंत्र. घाटात मोटार ५० आणि ट्रक ४० असल्याने कॅमेऱ्याला वाहनवर्ग ओळखता यायला हवा.

अंतर लहान असले की घड्याळाची चूक महागात पडते. दीड किमी ५० ने १०८ सेकंदांत होतात. दोन घड्याळांत १ सेकंदाचा फरक पडला तर जवळपास १ टक्का चूक. दोन्ही उपग्रह वेळेला बांधा. अंतर रस्त्याच्या मध्यरेषेने मोजू नका. वाहन जितक्या कमी अंतरातून जाऊ शकेल, म्हणजे वळणांच्या आतल्या कडेने, ते अंतर धरा. शंकेचा फायदा चालकाला मिळाला की दंड टिकतो.

मर्यादा लागू झाल्यावर पहिल्या महिन्यातले आकडे घेऊन निष्कर्ष काढू नका. तीन ते सहा महिन्यांनी त्याच जागी, त्याच वेळी, त्याच कोनातून पुन्हा मोजा. आणि वेग टप्प्याच्या आत मोजा, कॅमेऱ्याच्या खांबाजवळ नाही.

---

मार्गरेषा

दरड आणि दुभाजक यांची मोकळीक सहाही वळणांवर टेपने मोजायला सांगितले आहे. शेवटचा एक प्रश्न. पुलाजवळ पहाटे धुके असते. त्यासाठी कायमची कमी मर्यादा ठेवावी का?

---

सडकमोजणी

कायमची नको. दुपारी लख्ख उन्हात ती पाटी खोटी वाटेल आणि पहाटेही कुणी मानणार नाही. धुक्याला बदलता फलक लागतो. दृश्यमानता मोजणारे यंत्र पुलाच्या दोन्ही तोंडांशी बसवून आकडा त्यावरून बदला. वरच्याच सूत्राने सपाटीवर १०० मीटर दिसत असेल तर ६८ निघतात, म्हणजे पुलावर आधीच असलेली ५० पुरते. ५० मीटर दिसत असेल तर ४२, म्हणून ४०. फ्रान्समध्ये दृश्यमानता ५० मीटरच्या खाली गेली की मोटारमार्गावरसुद्धा ५० ची मर्यादा लागू होते; सूत्र त्याहूनही कमी सांगते.

बदलत्या मर्यादेची तरतूद मूळ आदेशातच लिहून घ्या: कोणत्या खांबापासून कोणत्या खांबापर्यंत, किमान आणि कमाल आकडा किती, आणि फलक बंद पडला तर कोणती मर्यादा लागू. प्रत्येक बदलाची वेळ यंत्रात आपोआप नोंदली गेली पाहिजे, नाहीतर त्या काळातला दंड सिद्ध करता येत नाही. फलक पुलावर नको, पुलाच्या ४०० मीटर आधी. पुलावर पोचेपर्यंत गाडीचा वेग उतरलेला असला पाहिजे. घाटाकडून येणाऱ्यांसाठी तो शेवटच्या वळणाच्या पुढे, सरळ भागात बसेल अशी जागा शोधा. वळणातच बसत असेल तर दोन फलक लावा, एक वळणाआधी आणि एक नंतर.